तबकडीत न मावलेली लावणी

देहूरोडच्या माझ्या घरात जुन्या तबकड्यांचे एक कपाट आहे. ओळखीच्या एका लावणी कलावंत बाईंना मी एकदा त्यातली बैठकीची लावणी मोठ्या अभिमानाने ऐकवली. लेबल, क्रमांक, दुर्मीळपणा, सारे सांगितले. बाईंनी ऐकले आणि विचारले, एवढ्या घाईत अदा करायची कधी?

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ साली, कलकत्त्यात. लाखेच्या दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. बैठकीत मात्र एकच ओळ पुन्हापुन्हा घेऊन दर वेळी डोळ्यांनी, बोटांनी निराळा अर्थ दाखवायचा असतो. तेवढी सवड तबकडीत कुठली!

इंग्लंडमध्ये विगन कसिनोत १९७३ ते १९८१ या काळात तरुण मंडळी अमेरिकन 'सोल' संगीताच्या जुन्या तबकड्यांवर रात्रभर नाचत. तबकडीचे मोल दुर्मीळपणात की नाचवण्यात, हा प्रश्न तिथेही होताच.

संग्राहकांना मी कमी लेखत नाही. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. अशा मंडळींनी कितीतरी आवाज वाचवले. पण यमुनाबाई वाईकर २०१८ साली गेल्या. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रणांत आहे. अदा मात्र शिकणारीच्या अंगातच टिकते.

त्या दिवशी तबकडी थांबल्यावर बाईंनी तीच ओळ बसल्या जागी पाच तऱ्हांनी करून दाखवली. माझ्या वहीत तबकडीचा क्रमांक आहे. त्या पाच अदांची नोंद कशी करावी, ते अजून सुचलेले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)