हातांचं काय?

आमच्या भंडाऱ्याची ओळख सांगायला तीन गोष्टी पुरतात. पितळेची भांडी, मोहाडी-आंधळगावचा कोसा आणि धानाच्या बांध्या. तिन्ही हातांची कामं. गंमत अशी की मोठ्या मुलांना काय शिकवावं यावर देशाने जेव्हा जेव्हा विचार केला, तेव्हा हातांचा विषय निघालाच.

सुरुवात तर आमच्याच मुलखात झाली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली, पाठोपाठ डॉ. झाकीर हुसेन समिती नेमली गेली. सूत कातता कातता, शेती करता करता गणित आणि भाषा शिकायची, ही कल्पना. ती ७ ते १४ वयासाठी होती. पुढे सेवाग्रामात मोठ्या मुलांसाठी 'उत्तर बुनियादी'ही चालली.

मग कोठारी आयोग, १९६६. १०+२ चा आकृतिबंध आणि कार्यानुभव त्यांनीच सुचवला. दहावीनंतर शिकणाऱ्यांपैकी ५० टक्के मुलं १९८६ पर्यंत व्यवसाय शिक्षणात असावीत, असंही म्हटलं. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची पहिली दहावी १९७५ ला झाली, पहिली बारावी १९७७ ला.

१९८६ साल उजाडलं. नव्या धोरणाने लक्ष्य ठेवलं: १९९० पर्यंत १० टक्के, १९९५ पर्यंत २५. १९९२ मध्ये धोरण सुधारलं. आकडे तेच, फक्त सालं झाली १९९५ आणि २०००! २०२० च्या धोरणात पुन्हा ५० टक्के आले, मुदत २०२५. पण आता शब्द आहे व्यवसाय शिक्षणाची 'ओळख'.

असं का होत असावं? गुणपत्रिकेत ज्याला वजन नाही त्याला वर्गातही नसतं, हे एक कारण. आपल्यापैकी अनेकांचा कार्यानुभवाचा तास गणिताच्या सरांनीच घेतलाय ना?

पण मला दुसरं कारण मोठं वाटतं. ऐनाच्या झाडावर कोसा जोपासणारा ढिवर असो की मागावर बसणारा कोष्टी, आपल्या लेकराने हेच करावं असं त्याला वाटत नाही. का वाटावं? या कामाला पैसा कमी आणि मान त्याहून कमी. आपल्याकडे हातांची कामं जातीजातींत वाटलेली. डोक्याचं काम वरचं, हातांचं खालचं. १९८६ च्या धोरणात दहा गाभाघटक होते, डी.एड. झालेल्यांना ते पाठ असतील. त्यातला एक होता सामाजिक अडसर दूर करणं. माझ्या मते व्यवसाय शिक्षणाचं लक्ष्य आणि हा गाभाघटक एकच आहेत. हा अडसर तसाच ठेवून टक्के वाढवायचे म्हटलं तर विणकराचा मुलगा मागाकडे जाणार आणि साहेबाचा मुलगा कोचिंगला.

म्हणून कोणत्याही नव्या आराखड्याला माझा एकच प्रश्न असतो. हे हातांचं शिक्षण सगळ्यांच्या मुलांसाठी आहे, की फक्त आमच्या खेड्यातल्या?

असो. तुमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला खरंच काय व्हायचं? वाचायला आवडेल.