दूरचित्रवाणीवरील विनोद आणि सई परांजपे

सोलापूरच्या नवी पेठेसारख्या व्यापारी वस्त्यांत दूरचित्रवाणी घरोघरी रुळली ती 1980च्या दशकात, 1984च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपक, म्हणजे एका शहरापुरते कार्यक्रम पोहोचवणारी छोटी केंद्रे, झपाट्याने उभी राहिली तेव्हा. परंतु त्या पडद्यावरच्या विनोदाची मशागत सई परांजपे यांनी दिल्ली दूरदर्शनमध्ये त्याआधीच आरंभली होती. तेथील ‘निर्माता’ हे पद भांडवल गुंतवणाऱ्याचे नव्हते, तर विषय निवडण्यापासून चित्रीकरणापर्यंतची जबाबदारी वाहणाऱ्याचे होते, आणि लेखन व दिग्दर्शन एकाच हाती ठेवण्याची त्यांची सवय याच शिस्तीत मुरली असावी.

‘चष्मेबद्दूर’ (1981) या चित्रपटात दारोदार धुण्याची पावडर विकणारी नायिका अनोळखी तरुणाच्या घरी बादलीत फेस काढून कपडा धुऊन दाखवते, आणि त्या साध्या प्रात्यक्षिकातूनच दोघांचा संकोच, ओढ व हसू उलगडत जाते. कोणाचीही टर न उडवता हसवण्याची ही रीत त्यांनी ‘अडोस पडोस’ (1984) या मालिकेत शेजारधर्मापर्यंत नेली.

दूरचित्रवाणीवरील विनोदात स्त्रीने वाट काढल्याचे असेच एक उदाहरण अमेरिकेतही दिसते: यवेट ली बाऊझर या आफ्रिकी-अमेरिकी लेखिकेची ‘लिव्हिंग सिंगल’ ही मालिका 1993 मध्ये आली. गणितज्ञ रँग्लर परांजपे यांची नात असलेल्या सई परांजपे यांना लाभलेले विद्यासंपन्न घर विसरून या दोघींना एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल, कारण बाऊझर यांना वर्णभेदाचाही अडसर ओलांडावा लागला.