शून्याचा क्षण

इन्व्हर्टर डीसी विजेची एसी वीज करतो ती स्विचांच्या अखंड उघडझापीतून. या उघडझापीत वाया जाणारी वीज वाचवण्याचा, म्हणजे ‘सॉफ्ट स्विचिंग’चा इतिहास बहुधा १९८६पासून सांगतात. त्या वर्षी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात आयआयटी कानपूरचे पदवीधर दीपक दिवान यांनी ‘रेझोनंट डीसी लिंक’ची कल्पना मांडली. माझ्या मते कथा त्याआधी पंचवीस वर्षे सुरू होते.

आधी नुकसान किती ते पाहू. स्विच बंद होताना प्रवाह ओसरत असतो आणि व्होल्टेज चढत असते. दोन्ही एकत्र असतात तेवढा वेळ उष्णता होते. ६०० व्होल्ट, १०० अँपिअर, एक मायक्रोसेकंद : ढोबळमानाने ०.०३ ज्यूल. किरकोळच. पण सेकंदाला २०,००० वेळा तेच घडले तर ६०० वॅट, म्हणजे छोटी शेगडीच!

जनरल इलेक्ट्रिकने १९५७ मध्ये आणलेला थायरिस्टर एकदा चालू झाला की प्रवाह शून्यावर येईपर्यंत बंदच होत नसे. एसीत तो शून्य आपोआप येतो, डीसीत आणावा लागतो. १९६१ मध्ये त्याच कंपनीतल्या विल्यम मॅकमरे आणि शॅटक यांनी कॉइल आणि कपॅसिटर जोडून तो आणला. झोपाळा टोकाला क्षणभर थांबतो तेव्हाच पोर अलगद उतरते, तसे काहीसे. तेव्हा ही निव्वळ गरज होती. उष्णता वाचवण्याचा विचार नव्हता.

पुढे मनाजोगते बंद करता येणारे ट्रान्झिस्टर आले आणि ती जड कॉइल अडगळीत गेली. मोटारीची कर्कश शीळ कानांना ऐकू येऊ नये म्हणून उघडझापीचा वेग वाढवावा, तर उष्णता वाढे. दिवान यांनी पुरवठ्याचे व्होल्टेजच हेलकावत ठेवले; ते शून्याला टेकेल तेव्हाच स्विच हलवायचे. पूर्वीची लाचारी त्यांनी निवड बनवली, हे श्रेय त्यांचेच. किंमत मात्र होती : व्होल्टेजचे शिखर पुरवठ्याच्या दुपटीपलीकडे जाई. त्याला लगाम घालणारी मंडले नंतर आली.

१९८९ मध्ये मॅकमरे स्वतःच सहायक स्विचांची रेझोनंट मांडणी घेऊन परतले. पुढच्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकच्या डी डोंकर आणि लायन्स यांनी अशी रचना मांडली, जिच्यात सहायक मंडल फक्त बदलाच्या क्षणी जागे होते. १९६१च्या आकृतीशेजारी ही ठेवली की घराणे ओळखू येते.

तरीही कारखान्यांतले बहुतेक मोटार-इन्व्हर्टर अजून जुन्या धसमुसळ्या पद्धतीनेच चालतात. जादा मंडलाचा खर्च परवडत नाही, आणि सिलिकॉन कार्बाइडचे स्विच इतके चपळ, की नुकसानच थोडे. पण त्यांच्या त्या झटक्यांनी मोटारीच्या वेटोळ्यांचे इन्सुलेशन जेरीस येते. त्यामुळे अडगळीतली कॉइल पुन्हा एकदा टेबलावर आली आहे.