खाणकामगारांच्या गावातली चित्रगृहे

१९१३ हे साल मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. त्या वर्षी ३ मे रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. इतिहासाच्या तासाला हे साल मी मुलांकडून आजवर असंख्य वेळा वदवून घेतले असेल. त्याच १९१३ मध्ये पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, जे. ए. सेगरबर्ग नावाच्या गृहस्थाने डोंगरातल्या एका खाणकामगारांच्या गावात नाट्यगृह बांधले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण ते नाट्यगृह आजही उभे आहे आणि दरवर्षी तिथे जगभरचे चित्रपट दाखवले जातात. माझा एक जुना विद्यार्थी डेन्व्हरला असतो. त्याने मागे एकदा तिथल्या महोत्सवाचा नकाशा पाठवला, आणि चित्रपटांच्या यादीपेक्षा त्या नकाशावरची ठिकाणेच मला जास्त गमतीची वाटली. एक फ्रीमेसन मंडळींचे सभागृह, एक शाळेची व्यायामशाळा, एक बर्फावर घसरण्याचे मैदान, एक चौकातली बाग. चित्रपटगृह म्हणून बांधलेले असे त्यात फारच थोडे!

गावाचे नाव टेल्युराइड. समुद्रसपाटीपासून ८,७५० फूट उंच, आणि तिन्ही बाजूंनी सान हुआन पर्वताचे कडे. दरीत शिरण्याचा मोठा रस्ता एकच. वस्ती अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम खेड्याएवढी. मूळचा हा मुलूख यूट लोकांचा. डोंगरात चांदी-सोने आहे असे कळल्यावर १८७३ च्या कराराने हे डोंगर त्यांच्याकडून घेण्यात आले, आणि पाच वर्षांनी, १८७८ मध्ये, तिथे 'कोलंबिया' नावाचे गाव वसले. कॅलिफोर्नियात याच नावाचे आणखी एक गाव असल्यामुळे टपालाचा घोटाळा होई, म्हणून १८८७ मध्ये नाव बदलून टेल्युराइड झाले. टेल्युरियम या मूलद्रव्यावरून ते घेतले, आणि मौज अशी की ते मूलद्रव्य तिथे सापडत नव्हते. इंग्रजीत या नावाचा उच्चार 'नरकात चाललास' अशा अर्थाच्या शब्दांशी जुळतो, त्यावरून खाणवाले विनोद करीत. खाणीतले दिवस पाहता तो निव्वळ विनोद होता असे वाटत नाही.

१८९० मध्ये रेल्वे आली. त्याच्या आदल्या वर्षी बुच कॅसिडी या प्रसिद्ध दरोडेखोराने आपली पहिली बँक इथेच लुटली होती. १८९१ मध्ये जवळच्या एम्स येथे पाण्यावर वीज तयार करून ती अडीच मैलांवरच्या गोल्ड किंग खाणीत नेण्यात आली. प्रत्यावर्ती प्रवाहाची वीज दूर नेऊन उद्योगासाठी वापरण्याचा हा जगातला अगदी सुरुवातीचा प्रयोग. आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना हे सांगितले तेव्हा त्यांचा चटकन विश्वास बसला नाही.

पण या गावाचा खरा इतिहास आहे तो मजुरांचा, आणि तिथे थोडे थांबले पाहिजे. १९०२ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी आठ तासांच्या दिवसाच्या बाजूने कौल दिला होता, पण विधिमंडळाने तसा कायदा काही केला नाही. तेव्हा १९०३ च्या सप्टेंबरात टेल्युराइडच्या गिरण्यांतले, म्हणजे खनिज दळणाऱ्या कारखान्यांतले, मजूर संपावर गेले आणि खाणी बंद पडल्या. गव्हर्नर पीबडी याने फौज पाठवली. १९०४ च्या मार्चमध्ये एका रात्री गावातल्या व्यापारी आणि मालकपक्षीय मंडळींनी हत्यारे घेऊन घरोघर जाऊन संघटनेच्या माणसांना उठवले, आगगाडीत कोंबले आणि गावाबाहेर काढले. ते परत येऊ नयेत म्हणून तेरा हजार फुटांवरच्या इमोजीन खिंडीत दगडी चौकी बांधून पहारा बसवला. तिला गव्हर्नरच्या नावावरून फोर्ट पीबडी म्हणतात. चौकी बाहेरच्या शत्रूसाठी नव्हती. गावच्याच माणसांना गावात येऊ न देण्यासाठी होती. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या चौकीचा अर्थ निराळा समजावून सांगायला नको.

या घटनेनंतर नऊ वर्षांनी सेगरबर्गचे नाट्यगृह उभे राहिले. ते विटांच्या शेरिडन हॉटेलला लागून आहे आणि पुढे त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. जेमतेम अडीचशे माणसांची जागा, वर लाकडी सज्जा, रंगमंचावर रंगवलेला पडदा. गावोगाव फिरणारे नाच-गाण्याचे आणि नकलांचे ताफे तिथे उतरत. मग चांदीचे भाव पडले, खाणी एकेक करून बंद होऊ लागल्या, माणसे निघून गेली आणि नाट्यगृह धूळ खात पडले. याचा एक उलटा फायदा झाला. गावात पैसाच नव्हता, त्यामुळे जुने पाडून नवे बांधण्याची कोणाला ऐपत नव्हती! १९६१ मध्ये सरकारने सगळ्या गावालाच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता दिली. गरिबीने जपलेल्या वास्तू आपल्याकडेही थोड्या नाहीत.

१९७२ मध्ये डोंगरउतारावर बर्फावरून घसरण्याच्या खेळाचे, म्हणजे स्कीइंगचे, केंद्र सुरू झाले. त्याच सुमारास बिल पेन्स आणि त्यांच्या पत्नी स्टेला यांनी हे पडके नाट्यगृह घेतले आणि दुरुस्त केले. पेन्स चित्रपटगृहे चालवीत, जुन्या चित्रपटांचे वितरण करीत. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या ईस्टमन संग्रहालयातले जेम्स कार्ड आपल्या संग्रहातले मूकपट घेऊन तिथे आले, आणि त्या लहानशा गावात ते पाहायला जी माणसे जमली त्यांचा उत्साह पाहून महोत्सवाची कल्पना निघाली. कॅलिफोर्नियाच्या पॅसिफिक फिल्म आर्काइव्हचे टॉम लुडी चौथे. ३० ऑगस्ट १९७४ ला पहिला महोत्सव भरला. ग्लोरिया स्वान्सन, फ्रान्सिस फोर्ड कपोला आणि लेनी रीफेनश्टाल या तिघांचा त्यात सन्मान झाला. हिटलरच्या प्रचारपटांच्या दिग्दर्शिकेला बोलावल्याबद्दल मोठा गदारोळ उठला, आणि तो उठायलाच हवा होता असे माझे मत आहे. कलेचा सन्मान करताना माणूस वेगळा ठेवता येतो हे म्हणणे सोपे असते. ज्यांचे आप्त त्या राजवटीने मारले त्यांना ते कसे पटावे?

महोत्सवाचे काही नियम पहिल्यापासून आहेत. स्पर्धा नाही, परीक्षक मंडळ नाही. कोणते चित्रपट दाखवणार हे महोत्सवाच्या तोंडावरच जाहीर होते, तोवर लोक तिकिटे काढून डोंगर चढून आलेले असतात. आणि तो भरतो सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला जोडून येणाऱ्या सुट्टीत. अमेरिकेत हा सोमवार म्हणजे मजूर दिन. आठ तासांचा दिवस मागणाऱ्यांना ज्या गावाने रात्रीतून हाकलून दिले, तिथे मजूर दिनाच्या सुट्टीत जगाचे रसिक जमतात! आयोजकांनी हे मुद्दाम केले असे मला म्हणायचे नाही. त्यांनी लांबलचक सुट्टी पाहिली इतकेच.

आता जागांकडे येतो. अडीचशे खुर्च्यांत महोत्सव मावेना तेव्हा गावाने जे जे छप्पर होते ते ते वापरायला काढले. मुख्य रस्त्यावरच्या जुन्या बँकेच्या इमारतीतले 'नगेट' हे गावचे नेहमीचे छोटे चित्रगृह होतेच. मेसन मंडळींच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या. हॉटेलजवळच्या एल्क्स पार्क या मोकळ्या बागेत पडदा उभारला. ही बागेची जागा मला सर्वांत जवळची वाटते, आणि त्याला कारण १९७९ सालचे आहे.

फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्स यांनी १९२७ मध्ये 'नेपोलियन' हा कित्येक तासांचा मूकपट केला होता. त्याच्या शेवटी एकाऐवजी तीन पडदे शेजारी शेजारी लागतात आणि तिन्हींवर एकाच वेळी तीन यंत्रांनी चित्र पडते. बोलपट आले आणि हा चित्रपट कापला गेला, विखुरला, विस्मरणात गेला. केव्हिन ब्राउनलो या इंग्रज अभ्यासकाने शाळकरी वयात त्याची दोन रिळे पाहिली आणि पुढे आयुष्याची कित्येक वर्षे तुकडे जमवण्यात घालवली. तो जोडलेला चित्रपट १९७९ मध्ये टेल्युराइडच्या या बागेत दाखवला गेला. तीन पडदे मावतील असे नाट्यगृह गावात होतेच कुठे? आकाशाखाली मात्र जागेची अडचण नव्हती. थंडी कडाक्याची होती, लोक पांघरुणे लपेटून मध्यरात्र उलटेपर्यंत बसून राहिले. एकोणनव्वद वर्षांचे गान्स स्वतः आले होते. हॉटेलच्या खिडकीतून त्यांनी आपला बावन्न वर्षांपूर्वीचा चित्रपट पाहिला. दोन वर्षांनी ते वारले. त्या बागेतल्या पडद्याला आता त्यांचे नाव आहे, आणि तिथले खेळ फुकट असतात. आपल्याकडे जत्रेत तंबूच्या कापडाबाहेर उभे राहून नुसते संवाद ऐकणारी पोरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या फुकटपणाची किंमत कळेल.

नंतरच्या जागा थोडक्यात सांगतो. शाळेच्या व्यायामशाळेत तात्पुरत्या खुर्च्या आणि पडदा लावून 'गॅलॅक्सी' तयार होते. २००५ मध्ये हायस्कूलच्या आवारात 'पाम' हे सहाशेवर जागांचे नाट्यगृह झाले. ते वर्षभर मुलांच्या नाटकांना आणि गावाच्या कार्यक्रमांना उपयोगी पडते, आणि माझ्यासारख्या मुख्याध्यापकाला त्याचा हेवा वाटल्यावाचून राहत नाही. २०१३ मध्ये, चाळिसाव्या महोत्सवाला, बर्फावरच्या खेळांच्या मंडपात साडेसहाशे जागांचे चित्रगृह उभारून त्याला जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेरझॉग यांचे नाव दिले. हेरझॉग जुने स्नेही, वर्षानुवर्षे तिथे येणारे. शेरिडनचे मूळ नाट्यगृह मधल्या काळात विकसकाच्या हाती जाण्याची भीती होती. १९९१ मध्ये गावकऱ्यांनी संस्था काढून ते वाचवले, आणि तीच संस्था आज तिथे मुलांचे नाट्यवर्ग चालवते.

खालच्या गावात जागा संपली तेव्हा स्कीइंगच्या उतारावर साडेनऊ हजार फुटांवर एक नवीच वसाहत झाली. तिचे नावच 'माउंटन व्हिलेज'. १९९५ मध्ये तिला स्वतंत्र गावाचा दर्जा मिळाला आणि १९९६ मध्ये दोन्ही गावे जोडणारा तारेवरचा पाळणा सुरू झाला. पंधरा मिनिटांच्या आतला हा प्रवास विनातिकीट आहे. वरच्या गावातल्या परिषदगृहात महोत्सवाच्या दिवसांत जे चित्रगृह असते त्याला चक जोन्स यांचे नाव आहे. पळणारा रोडरनर पक्षी आणि दर वेळी कड्यावरून कोसळणारा तो कोल्हासारखा कोयोटी ज्यांनी घडवला, ते हे चक जोन्स. कड्याच्या काठावरच्या चित्रगृहाला याहून शोभेसे नाव सुचणार नाही.

आपल्या बाजूचे काय, असे वाचक विचारतील. २००८ च्या ३० ऑगस्टला 'स्लमडॉग मिलियनेअर' जगात पहिल्यांदा दाखवला गेला तो याच गावात. मुंबईच्या झोपडपट्टीची गोष्ट मुंबईआधी रॉकी पर्वताने पाहिली. त्याविषयी मला फारसे लिहावेसे वाटत नाही. २०२४ मध्ये मात्र तिथे पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट' दाखवला गेला. त्यात छाया कदम यांनी केलेली पार्वती आहे. मुंबईत एका रुग्णालयात स्वयंपाक करणारी, गिरणी कामगाराची विधवा. चाळीच्या जागी इमारत उठणार, आणि खोली आपली असल्याचा कागद तिच्यापाशी नाही. म्हणून बाई शेवटी रत्नागिरीकडे, समुद्राकाठच्या आपल्या गावी परतते.

पार्वतीची ही गोष्ट टेल्युराइडला परकी नाही. शेवटची मोठी खाण १९७८ मध्ये बंद झाली. खाणकामगारांच्या लाकडी झोपड्यांना आज अशा किमती आहेत की त्या श्रीमंतांनाच परवडतात. हॉटेलात भांडी घासणारे, पाळणा चालवणारे, शाळेत शिकवणारे यांतले कितीतरी जण नॉरवूडहून, किंवा शंभर किलोमीटरवरच्या मॉन्ट्रोजहून, पहाटे उठून बर्फातून गाडी हाकत येतात आणि रात्री परत जातात. १९०४ मध्ये आगगाडी आणि खिंडीतली चौकी लागली; आता घरभाडे पुरते. सेगरबर्गचे नाट्यगृह उभे राहिले, बँक राहिली, मेसनांचे सभागृह राहिले. ज्यांच्यासाठी ती बांधली त्यांच्या नातवंडांना त्या गावात रात्र काढण्याची सोय राहिलेली नाही. गावाने स्वस्त घरांच्या योजना केल्या आहेत, आणि त्या केल्याबद्दल त्यांना श्रेय दिले पाहिजे, पण मागणीपुढे त्या अपुऱ्याच पडतात.

२०२० मध्ये साथीमुळे महोत्सव झाला नाही. पुढल्या वर्षी लस घेतलेल्यांनाच प्रवेश ठेवून तो पुन्हा भरला. बिल पेन्स २०२२ च्या डिसेंबरात गेले, टॉम लुडी २०२३ च्या फेब्रुवारीत, आणि त्याच वर्षी पन्नासावा महोत्सव झाला. मजूर दिनाचा सोमवार संपला की बर्फाच्या मंडपातून खुर्च्या निघतात, पडदे गुंडाळले जातात, आणि 'गॅलॅक्सी'ची पुन्हा व्यायामशाळा होते, कारण मुलांना चेंडू खेळायला तीच जागा आहे.