जबलपूरच्या मुलांचे दात आणि पिण्याचे पाणी

मुलांच्या नियमित दंततपासणीत तीन कामे होतात. दात पाहिले जातात, साफ केले जातात आणि पुढे कीड लागण्याचा धोका किती आहे, याचा अंदाज बांधला जातो. पालकांच्या नजरेत भरते ती सफाई. माझ्या मते खरे मोल धोक्याच्या अंदाजाचे आहे, आणि जबलपूर परिसरात तो बांधताना सर्वांत आधी विचारायला हवे की मूल पाणी कुठले पिते.

दातांवरच्या चिकट थरातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात. त्या थरातला सामू साधारण 5.5च्या खाली गेला की दाताच्या बाहेरच्या कठीण थरातले, म्हणजे इनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. लाळ ही झीज भरून काढते. पण दिवसभर बिस्किटे आणि रात्री तोंडात दुधाची बाटली असेल, तर तिला उसंतच मिळत नाही. दुधाच्या दातांचे इनॅमल पातळ असल्याने कीड लवकर आत शिरते. पहिली खूण म्हणजे हिरडीच्या कडेला उमटणारा खडूसारखा पांढरा डाग. तो दुखत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. याच टप्प्यावर फ्लोराइडचा लेप आणि नीट ब्रश एवढ्यावर दात सावरू शकतो. 2002-03च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांना कीड आढळली होती. दुखेपर्यंत थांबण्याची ही किंमत आहे.

सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ हमखास दुर्लक्षित राहते. ती दुधाच्या दाढांच्या मागे येते, तिच्यासाठी एकही दात पडत नाही. त्यामुळे ‘दुधाचीच आहे, पडेल’ असे समजून कीड सोडून दिली जाते. तिच्या खोल खाचा वेळीच सीलंटने बुजवल्या, तर ती दाढ वाचते.

सफाईने दात हलतात ही भीती निराधार आहे. मात्र साफ केलेल्या दातांवर काही तासांतच नवा थर धरू लागतो, म्हणून नुसत्या सफाईवर विसंबून चालत नाही.

आता पाणी. जबलपूर शहराला नर्मदेचे तसेच परियट आणि खंदारी जलाशयांचे पाणी मिळते. शेजारच्या मंडला जिल्ह्यात मात्र तिलईपानीसारख्या गावांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड घातक प्रमाणात निघाले. भारतीय मानकाने लिटरमागे 1 मिलिग्रॅम ही इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 ही कमाल मर्यादा ठरवली आहे. तिलईपानीत मुलांचे दात तर डागाळलेच, शिवाय गुडघे आत वळले. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजे 1984 साली स्थापन झालेल्या आयसीएमआरच्या केंद्राने, तिथे सुरक्षित पाण्याबरोबर चकोडा भाजीवर भर दिला. हा आपला पावसाळी टाकळा. त्यात कॅल्शियम भरपूर असते आणि कॅल्शियम आतड्यात फ्लोराइडला बांधून ठेवते.

म्हणून डागांतला फरक ओळखता आला पाहिजे. किडीचा डाग बहुधा हिरडीलगत, थर साचतो तिथे असतो. जादा फ्लोराइडमुळे होणाऱ्या फ्लोरोसिसच्या रेषा आडव्या असतात आणि डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारख्या दिसतात. दात हाडात घडत असतानाच त्या इनॅमलमध्ये उतरतात. कितीही सफाई केली तरी निघत नाहीत. अशा मुलाचे दात ‘घाण’ म्हणून त्याला रागावणे हा शुद्ध अन्याय आहे.

उपायही पाण्यानुसार बदलतो. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट पुरते. हातपंपाचे पाणी पिणाऱ्या मुलाच्या बाबतीत आधी पाणी तपासावे आणि पेस्ट गिळली जात नाही ना, यावर बारीक लक्ष ठेवावे. दर सहा महिन्यांनी तपासणी हा नियमही सरसकट लावू नये. आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2004 साली मुलांसाठी धोक्यानुसार तीन ते बारा महिन्यांचे अंतर सुचवले.

दवाखान्यापर्यंत न पोचणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर इथे त्याचा आरंभ झाला. त्याच्या पथकांनी वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जावे अशी योजना आहे, आणि दातांची कीड त्यांच्या यादीत आहे. मंडला जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाच्या कार्डावर, दातांच्या नोंदीशेजारी, तो कुठल्या हातपंपाचे पाणी पितो हेही लिहिले जावे. एकाच पंपाच्या चार-पाच मुलांच्या दातांवर सारख्या रेषा दिसल्या, तर त्या पंपाचे पाणी त्याच आठवड्यात तपासायला पाठवता येईल.