बिंदू स्थापन, निर्देशक प्रतलावरील

निर्देशक प्रतलावर बिंदू स्थापन करणे म्हणजे संख्यांच्या क्रमित जोडीला नेमके एक स्थान देणे. (३, −५) साठी आरंभबिंदूपासून क्ष-अक्षावर उजवीकडे ३ एकक जावे, तेथून य-अक्षाला समांतर ५ एकक खाली उतरावे. बिंदू चौथ्या चरणात येतो. (−५, ३) मात्र दुसऱ्या चरणात पडतो. क्ष आधी घेणे हा निव्वळ संकेत, असा आक्षेप घेता येईल. तो खराच आहे. पण संकेत ठरल्यावर क्रम उलटला की सहसा बिंदूच बदलतो, आणि पद्धतीचे बळ या शिस्तीतच आहे. ही पद्धत एकदम आली नाही. गणितज्ञ रने देकार्तच्या १६३७ मधील ‘ला जेओमेत्री’ या ग्रंथात आजच्यासारखे दोन काटकोनी अक्ष आखलेले नाहीत; शिवाय त्याच सुमारास गणितज्ञ पिएर द फेर्माही स्वतंत्रपणे बिंदूचे स्थान संख्यांनी सांगण्याच्या विचारापर्यंत पोहोचला होता. त्यामुळे सगळे श्रेय एकट्या देकार्तला देणे न्याय्य नाही.