रस्त्याच्या कामावर जाताय? यंत्राच्या मागे थांबू नका, हजेरीचा पुरावा जपा

दरेकसा : धानाची कापणी-मळणी आटोपली की सालेकसा तालुक्यातले अनेक मजूर रस्त्याच्या कामावर जातात. तिथे जेसीबी, रोलर, टिप्परजवळ पायी काम करणाऱ्याच्या जिवाला मोठा धोका असतो.

20 ऑगस्ट 2021 रोजी सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर सळ्यांनी भरलेला टिप्पर उलटला. त्यावर बसलेल्यांपैकी 13 मजूर दगावले. म्हणून माल भरलेल्या गाडीवर बसून कामावर जाऊ नये, मुकादमाने सांगितलं तरी.

काय काळजी घ्यावी?

- टिप्पर, रोलर मागे येताना चालकाला मागचा माणूस दिसत नाही. इशारा द्यायला एक माणूस उभा हवाच.
- जेसीबी, पोकलेन फिरत असताना तिच्या टप्प्यात जाऊ नये.
- यंत्राच्या सावलीत जेवायला किंवा झोपायला बसू नये. लेकरांना जवळ आणू नये.
- टिप्परचा डाला वर करण्याआधी विजेच्या तारा पाहाव्यात. तार लागलीच तर गाडीला हात लावू नये, कोणालाही जवळ जाऊ देऊ नये.
- हेल्मेट, बूट, चमकणारं जॅकेट ठेकेदाराकडून मागून घ्यावं.

अपघात झाल्यास

आधी यंत्र बंद करा, 108 वर फोन लावा. गरम डांबर अंगावर पडलं तर त्या जागी किमान 20 मिनिटं थंड पाणी ओता. चिकटलेलं डांबर ओढून काढू नका. दवाखान्यात ‘कामावर असताना अपघात’ अशीच नोंद करायला सांगा. पोलिसांत खबर द्या.

भरपाई कशी मिळते?

कामावरच्या अपघातात भरपाई देण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ही तरतूद 1923 च्या कायद्यात होती, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. रक्कम मजुरी आणि वयावरून ठरते. दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो.

‘हा आमचा मजूर नाही’ असं ठेकेदार म्हणाला तर पुरावा लागतो. त्यासाठी हजेरीचा आणि कामावरचा फोटो, मजुरी जमा झाल्याची बँकेची नोंद, यंत्राचा नंबर, सोबत्यांची नावं मोबाइलमध्ये ठेवा. थोडे पैसे घेऊन कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका.

वर्षात 90 दिवस काम केलेल्या 18 ते 60 वयाच्या मजुराला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. 90 दिवसांचा दाखला ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतात. नोंदणी चालू असताना कामावर मृत्यू झाल्यास मंडळाकडून वारसाला 5 लाख रुपये मिळतात. मालकाकडची भरपाई वेगळी.

महिला आणि आदिवासींना दाव्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.